दोन हजार पन्नास साली झालं ते

भुस्कुटे बाई एसटीत झोपत नसत, पण जाग्याही नसत. तासगावहून सुटणाऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीत खिडकीशी बसायचं आणि गाडीनं स्टँड सोडला की मनानं कुठल्या कुठं निघून जायचं, हा त्यांचा नेम. आमच्या गावाचा फाटा आला की कंडक्टर ओरडायचा, “बाई, शाळा आली.” रोजचा कंडक्टर रजेवर असला की बाई पुढच्या गावाला उतरत आणि द्राक्षबागांच्या कडेकडेनं चालत परत येत. पहिला तास बुडालेला असे. हातात कसलीतरी पानं असत. मस्टरवर सही करता करता त्या हेडसरांना सांगत, “सर, येरळेच्या पात्रात आज एक बगळा उभा होता. पाणी नाही, काही नाही, नुसता उभा. त्याला पूर्वीचं काहीतरी आठवत असावं.”

आमचे हेडसर लालासाहेब निकम. त्यांना बगळ्यापेक्षा मस्टर महत्त्वाचं. पण बाईंवर रागवायचं म्हणजे झोपलेल्या माणसावर खेकसल्यासारखं वाटायचं, म्हणून ते नुसतं “हं” म्हणत आणि पुढच्या कागदावर सही करत.

मी त्याच शाळेत गणिताचा मास्तर, मोहिते. पलूसचा. आवाज मोठा, डोकं तापट, आणि माझ्या तासाला पोरं डोळे टक्क उघडे ठेवून बसतात याचा मला भारी अभिमान. शेजारच्या वर्गात बाई भूगोल आणि मराठी शिकवत. मधे भिंत नव्हती, पत्र्याचं पार्टिशन होतं, त्यामुळं बाईंचं शिकवणं मला फुकटात ऐकायला मिळे. आधी आधी राग यायचा. पुढं पुढं मी फळ्यावर एखादं लांबलचक उदाहरण टाकून पोरांना त्यात गुंतवायचो आणि पार्टिशनला पाठ टेकून उभा राहायचो.

बाईंचं नाव शकुंतला. माहेर, सासर, सगळं वाईचंच. लहानपण कृष्णेच्या घाटावर गेलेलं, त्यामुळं नदी म्हटलं की पाणी असणारच, असा त्यांचा समज. नोकरीवर रुजू व्हायला आल्या त्या दिवशी येरळेवरच्या फरशीच्या पुलावरून येताना त्यांनी बरोबरच्या शिपायाला विचारलं होतं, “इथली नदी कुठे गेली?” शिपाई म्हणाला होता, “येती की कवा कवा. पाऊस झाला की येती.” नदी पाहुण्यासारखी येते-जाते, हे ऐकून बाई त्या रात्री जेवल्या नव्हत्या म्हणे. आम्ही हसलो. आमचं सगळं आयुष्य त्या कोरड्या पात्रातून सायकल घालण्यात गेलेलं, त्यात रडण्यासारखं काही असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा असे. शेवटचा तास सातवीवर बाईंचा. बाई वर्गात येऊन पुस्तक मिटून ठेवत आणि म्हणत, “डोळे मिटा. दोन हजार पन्नास साल आहे. आत्ताच उजाडलंय. तुम्ही घराबाहेर आलाय. काय दिसतंय ते बघा. घाई करू नका.”

आणि अख्खी सातवी डोळे मिटून बसे. अलीकडं माझ्याकडं अपूर्णांकांची मारामारी चाललेली, आणि पलीकडं इतकं शांत की लिंबावरच्या साळुंक्या ऐकू याव्यात. मधूनच कुणीतरी हळू आवाजात बोले. “बाई, रस्त्यावर माणूसच न्हाई.” “बाई, समदीकडं बर्फ वितळून पाणी आलंय, पर आपल्या येरळंला न्हाई.” “बाई, माझ्या घरावर निळी कौलं हायत.” ही सातवीतली पोरं, दुपारी हीच एकमेकांच्या चपला लिंबावर फेकत. पण त्या तासाला त्यांचे आवाज वेगळेच लागत. गाव त्याला झोपेचा तास म्हणे.

मी बाईंना चिडवायचो. “आज किती पन्नास सालात पोचली, आणि किती नुसतीच झोपली?”

“झोपलेली आधी पोचतात, सर,” बाई म्हणत. त्या चिडत नसत, हीच त्यांची चिडायला लावणारी गोष्ट होती.

शहाण्णव साली बाईंनी ठरवलं की मुलांना जे दिसतं त्याचे प्रकल्प करायचे आणि विज्ञानदिनाला गावाला दाखवायचे. दुसऱ्याच दिवशी एक बाप शाळेत हजर. आमच्या गावात काही घरं धरणात बुडालेल्या गावातून उठून आलेली होती, त्यातला हा. तोंड उतरलेलं. म्हणाला, “गुरुजी, पोरगी म्हनती, वर्गात प्रकल्प येनार हाय. आता हितनं बी उठायचं का आमी?” त्याला बसवून, पाणी देऊन, हा प्रकल्प पुठ्ठ्याचा असतो, यात कुणाची जमीन जात नाही, हे समजावण्यात हेडसरांची मधली सुट्टी गेली. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी त्याच बापाला वर्गात नेलं आणि बुडालेलं गाव कसं होतं ते मुलांना सांगायला लावलं. तो तासभर बोलला. त्याच्या देवळापुढं कुठलं झाड होतं इथपर्यंत सांगितलं.

मग हरितगृहाची भानगड. बाईंनी शिकवलं होतं की धुरामुळं पृथ्वीचं हळूहळू हरितगृह होत चाललंय. आमचा सगळा मुलूख द्राक्षाचा. घड तोडायचे, तारेच्या जाळ्यांच्या मजल्यांवर पसरायचे, वरून हिरवी जाळी सोडायची, की काही दिवसांत बेदाणा तयार. आता हिरव्या जाळीच्या घरात जन्म गेलेल्या पोरांना हरितगृह म्हटल्यावर काय कळणार? अर्ध्या वर्गानं परीक्षेत लिहिलं, ‘पृथ्वीचे हरितगृह झाल्यास शेतकऱ्यांचा मोठा फायदा होईल.’ हेडसरांनी ते वाचून मुलांचं कौतुकही केलं. बाईंनी कुणालाच चूक दिली नाही. शिवांजली नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, तिला फक्त विचारलं, “शेडमधे घड ठेवल्यावर त्याचं काय होतं गं?” शिवांजलीनं थोडा विचार केला आणि तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, “बाई, म्हंजी पृथ्वीचा बेदाणा हुनार व्हय?”

तोच तिचा प्रकल्प झाला. एका बशीत टपोरं द्राक्ष, खाली चिठ्ठी, ‘आजची पृथ्वी’. दुसऱ्या बशीत एक सुरकुतलेला बेदाणा, ‘दोन हजार पन्नास’. आम्ही स्टाफरूममधे ते बघत असताना हेडसर बोलण्याच्या नादात हात पुढं करून पन्नास सालची पृथ्वी खाऊन बसले. शिवांजलीनं दुसरी आणून ठेवली.

त्याच वर्गातल्या गुंडाचा बाप सायकलीचं पंक्चर काढायचा. ओझोनच्या थराला भोक पडलंय हे ऐकल्यावर गुंडाला ते अवघड वाटलंच नाही. त्यानं फुटबॉलच्या ब्लॅडरवर खडूनं देश काढले आणि ते घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरलं. “बुडबुडं येतील तितं भोक. मग घासायचं, सोल्युशन लावायचं, ठिगळ मारायचं.” बाईंनी विचारलं, “पण गुंडा, एवढं मोठं घमेलं कुठून आणायचं?” गुंडा म्हणाला, “समुद्र हाय की.” त्यानंतर मी बाईंना झोपेच्या तासावरून चिडवणं जरा कमी केलं.

प्रदर्शनाचा शेवट बाईंनी वेगळा योजला होता. मुलांनी म्हातारं होऊन यायचं. पन्नास सालातले आजोबा, आजी. एकेकानं पुढं येऊन सांगायचं, जगात काय काय होईल, आपल्या गावात काय होईल. धोतरं, पटके, काठ्या, लुगडी यांची जमवाजमव सुरू झाली. सगळा वर्ग म्हातारा व्हायला उतावीळ झाला होता. एक मुलगी सोडून.

तिचं नाव दगडाबाई. हजेरीपटावरही दगडाबाईच. अंगानं बारीक, डोळे मोठे, माझ्या गणितात पहिली. शनिवारी डोळे मिटायची सगळ्यांच्या आधी, आणि बाईंनी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, “मला काय दिसत न्हाई, बाई.” आठवडेच्या आठवडे तेच. बाईंना वाटे, आपलंच शिकवणं कमी पडतंय. मला वाटे, बरं झालं, एक तरी शहाणी निघाली.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांना खटकायची. आमच्याकडं सगळ्या पोरांचे गणवेश वाढत्या अंगाचे. खांदे कोपरापर्यंत उतरलेले, चड्डी गुडघ्याखाली. दोन वर्षं चालली पाहिजे ना. एकट्या दगडीचा गणवेश जूनमधे अंगाबरोबर बसायचा आणि दिवाळीनंतर घट्ट होऊन काखेत उसवायचा. मला वाटायचं, बाप फौजेत आहे, आईला शहरी फॅशन आवडत असेल.

शिवांजलीनं एकदा बाईंना हळूच सांगितलं, “तिच्या घरात उद्याचं नाव काढत न्हाईत, बाई. तिची आई वरडती.” बाईंनी त्याच दिवशी मला म्हटलं, “सर, चला माझ्याबरोबर.” मी का गेलो ते मलाही माहीत नाही. उन्हं उतरली होती. वाटेनं बाई नेहमीप्रमाणं कुठं हरवल्या नाहीत. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच पूर्ण जागं पाहिलं.

दगडीची आई धोंडुबाई. चाळिशीची, रापलेली, हाताला सतत काहीतरी काम लागणारी. तिनं आम्हाला ओट्यावर घोंगडं टाकून बसवलं, गुळाचा चहा दिला आणि बाईंनी विषय काढल्यावर ज्वारी निवडता निवडता सरळ सांगून टाकलं.

“आवं बाई, हिच्या आदी माझी तीन गेली. एक तर चालाय लागलं हुतं. म्हनून ही झाली तशी उकिरड्यावर ठेवली. सूपभर कोंड्याला शेजारनीला इकली, आन् मग तिच्याकडनं मागून घेतली. नाव ठेवलं दगडी. दगडाला कोन न्हेतंय? तवापास्नं आमी हिचं उद्याचं कायबी बोलत न्हाई. मोटी झाल्यावर असं, लगीन झाल्यावर तसं, हे तोंडातनं काडायचं न्हाई. वाडत्या अंगाचं कापड बी शिवत न्हाई. कशाला कुनाला दिसू द्यायचं, की आपन हिला धरून बसलोय?”

बाई हळूच म्हणाल्या, “पण धोंडुबाई, असं बोललं नाही म्हणून माणूस जगतं का?”

“मी जगले की,” धोंडुबाई म्हणाली. तिनं पहिल्यांदाच मान वर केली. “माझं नाव धोंडी का पडलं असं वाटतं तुमाला? माझ्या आईची बी गेली हुती. तिनं कवा म्हनलं न्हाई की धोंडी मोटी हुईल, नांदाय जाईल. म्हनून मी हाय. न्हाईतर आज तुमाला च्या कुनी दिला असता?”

मी आयुष्यभर पोरांना सिद्धता लिहायला शिकवली, पण ही मोडायची माझी छाती झाली नाही. समोर ती बाई जिवंत बसली होती आणि दाराआड तिची मुलगी उभी होती. धोंडुबाई नवऱ्याबद्दलही असंच करायची, हे मग कळलं. तो सीमेवर कुठं कुठं असायचा. त्याची रजा, त्याचं येणं, यातलं काही ती आधी बोलायची नाही. तो दारात उभा राहिला की तेवढं म्हणायची, “आला.”

“ह्या म्हाताऱ्याच्या खेळात तिला घेऊ नगा,” आम्ही उठताना ती म्हणाली. “तुमच्या पाया पडते.”

दगडी आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिच्या हातात कंदील होता, अजून लावलेला नव्हता. कोपऱ्यावर थांबून ती बाईंना म्हणाली, “बाई, मला दिसतंय. रोज दिसतंय. पर सांगाय येत न्हाई.” आणि जरा थांबून, खाली बघत, “मला बी म्हातारी व्हायचंय.”

ती प्रदर्शनातल्या म्हातारीबद्दलच बोलत होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी मी उगीच बाईंवर ओरडलो की चला, एसटी चुकेल. बाई गाडीत बसल्या तेव्हा रडत होत्या. त्यांना वाटत होतं, आपण पोरांना पन्नास साल दाखवायला निघालो, आणि एका पोरीला त्याच्या दारातूनच परत पाठवलं. आईचा शब्द मोडायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्या मला म्हणाल्या होत्या, “तीन मुलं पुरलेल्या बाईला मी भूगोल शिकवू का, सर?”

त्यानंतर काही दिवस बाई वेळेवर येत होत्या. त्यावरूनच आम्ही ओळखलं, त्यांचं काही ठीक नाही.

मग तो तास आला. शनिवार नव्हता, साधा मराठीचा तास. बाई काळ शिकवत होत्या. मी पार्टिशनला टेकलेला. “फळ्यावरचं वाक्य भविष्यकाळातलं आहे. त्याचा भूतकाळ करा,” असं म्हणून बाई वाक्य लिहीत आणि एकेकाला उठवत. ‘उद्या पाऊस पडेल.’ गुंडा म्हणाला, “काल पाऊस पडला.” ‘मामा गावाला जाईल.’ कुणीतरी म्हणालं, “मामा गावाला गेला.” आणि बाईंनी पुस्तकातलं पुढचं वाक्य न बघता फळ्यावर उतरवलं, ‘मी मोठी होईन.’ ओळीनं नंबर आला तो दगडीचा.

मी पत्र्याच्या फटीतून बघितलं. बाईंचा खडू तसाच वर धरलेला, चेहरा पांढरा. त्या वाक्य पुसायला वळणार तोवर दगडी उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “मी मोठी झाले.”

मी सांगतो, गणितात मला इतका आनंद कधी झाला नाही. बाईंनी खडू ठेवला. त्या हळूच म्हणाल्या, “अजून एक सांग, दगडे. ‘मी म्हातारी होईन.’”

“मी म्हातारी झाले.”

“आणि येरळेला पाणी येईल?”

“येरळंला पानी आलं,” दगडी म्हणाली, आणि खाली बसताना हसली. ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्याच संध्याकाळी बाईंनी धोंडुबाईला वाटेत गाठलं. मी सोबत होतोच. बाईंनी विचारलं, “उद्याचं बोलायचं नाही, हे मला मान्य आहे. पण झालेलं सांगितलं तर चालेल का?”

“झाल्यालं सांगाय काय हरकत?” धोंडुबाई म्हणाली. “झालं ते झालं. त्येला नजर कशाची?”

ती पुढं गेल्यावर मी बाईंना म्हटलं, “ही तुम्ही तिची फसवणूक करताय.”

“फसवणूक नाही, सर,” बाई म्हणाल्या. “व्याकरण आहे.”

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण बाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी एकट्या दगडीसाठी नियम बदलला नाही, सगळ्या वर्गाचाच बदलला. आता कुणीच ‘होईल’ म्हणायचं नाही. सगळ्यांनी पन्नास सालात बसून मागं बघायचं आणि झालेलं सांगायचं. आणि त्यानं एक गंमत झाली. आधी पोरं ‘उन्हाळे वाढतील, पाणी संपेल, माणसं मरतील’ असं पाठ म्हटल्यासारखं म्हणत आणि गप्प होत. आता ‘पाणी संपलं’ म्हटलं की त्यांना पुढं बोलावंच लागे. संपलं, मग? तुम्ही तर अजून बसलाय इथं. मग काय केलंत? जो सांगायला उरलाय त्यानं काहीतरी केलेलंच असणार. मग पोरांना सुचायला लागलं. कुणी डोंगर खणले, कुणी सूर्यावर भाकरी भाजली, गुंडानं तर समुद्राला बांध घालून पंक्चर काढलं. माझ्या वर्गातली पोरं अपूर्णांक सोडून पार्टिशनला कान लावून बसायला लागली आणि मी त्यांना काही बोललो नाही.

विज्ञानदिन उजाडला. शाळेला सभागृह नव्हतं, म्हणून आप्पासोंनी आपली बेदाण्याची शेड दिली. आप्पासो गावातले मोठे बागायतदार. माल अजून वेलीवर होता, शेड रिकामी होती. तारेच्या जाळ्यांवर पोरांनी प्रकल्प मांडले. हिरव्या जाळीतून ऊन येत होतं आणि आत सगळंच हिरवं झालं होतं, माणसांचे चेहरे, बशीतली द्राक्षं, घमेल्यातलं पाणी. वारा आला की जाळी हलायची आणि तो सगळा उजेड हळूहळू हलायचा. त्या उजेडात बसलं की खरंच कुठलं साल चाललंय ते सांगता आलं नसतं. गावातली माणसं आल्या आल्या मोठ्यानं बोलत होती, मग आपोआप हळू बोलायला लागली.

आप्पासोंनी सुगीआधी जाळ्या घासायला बायका लावल्या होत्या. त्यात धोंडुबाई. शेडच्या पलीकडच्या टोकाला त्या बायका काम करत होत्या. प्रदर्शन सुरू झालं तसं आप्पासोंनी त्यांना हात थांबवून बसायला सांगितलं. मी ते बघितलं आणि बाईंजवळ जाऊन म्हटलं, “दगडीचं रद्द करा. तिची आई इथं आहे.” बाई म्हणाल्या, “मीच आप्पासोंना सांगितलं होतं, त्यांना बसवून घ्या म्हणून. चोरून नको होतं मला.”

एकेक म्हातारा आला आणि बोलून गेला. माणसं हसली. मग दगडी आली. अंगावर नऊवारी गुंडाळलेली, डोक्यावरून पदर, केसांना राख फासलेली. ती उपड्या क्रेटवर बसली. बसतानाही गुडघ्यावर हात टेकून, अगदी म्हातारीसारखी. धोंडुबाईनं तिला लगेच ओळखलं. हातातला ब्रश तसाच धरून ती उभी राहिली.

“मी दगडाबाई,” दगडी म्हणाली. “दोन हजार पन्नास साल चाललंय. मला आता नीट दिसत न्हाई, पर आठवतंय समदं. लय ऊन पडलं हुतं. द्राक्षं वेलावरच वाळली. हिरी आटल्या. गावातली निम्मी मानसं निगून गेली. आमी न्हाई गेलो. आमी येरळंत जागोजाग दगडं लावली, एकेक करून. लय वर्सं लावली. लोक हसलं. मग पाऊस झाला आन् पानी थांबलं. जरासंच हुतं. पर बगळा आला.”

इथपर्यंत बाईंनी बसवून घेतलेलं होतं. इथं उठून नमस्कार करायचा होता. दगडी उठली नाही. ती समोर बघत होती, पण आमच्याकडं नव्हे. शनिवारी डोळे मिटल्यावर जे दिसत असेल, ते ती आता उघड्या डोळ्यांनी बघत होती.

“माझी आई त्या पान्यात हातपाय धुवाय यायची,” ती म्हणाली. “लय म्हातारी झाली हुती. मग एक दिस ती गेली. मी तिच्या उशाशी हुते. तिचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. मी तिला पानी पाजलं.”

पोरीनं सगळ्या गावापुढं आईचं मरण सांगितलं होतं. गावातल्या एका खऱ्या म्हाताऱ्यानं “शिव शिव” म्हटलं. बाई पुढं व्हायला गेल्या, आणि मी त्यांचा हात धरला, कारण धोंडुबाई चालत येत होती. जाळ्यांच्या मधल्या वाटेनं, हातात तो ओला ब्रश, सगळी माणसं बाजूला सरकत होती. मला वाटलं, आता ही पोरीच्या केसांना धरून ओढत नेणार. दगडीलाही तेच वाटलं असावं, तिनं पदर घट्ट धरला.

धोंडुबाई क्रेटपुढं येऊन थांबली. जिनं तीन लेकरं आपल्या हातानं मातीत ठेवली, तिला चौथं सांगत होतं की मी तुझ्या मागं राहिले, तुला मी पाणी पाजलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येत नाही, पण त्यात राग नव्हता. ती खाली बसली, पोरीच्या पुढ्यात, मातीत, एखादी बाई शेजारच्या वडीलधारीपाशी बसते तशी.

“म्हातारे,” ती म्हणाली. आवाज तिचाच, पण फार हळू. “तुला पोरं किती झाली?”

हे बसवलेलं नव्हतं. दगडीनं बाईंकडं पाहिलं. बाई रडत होत्या, त्यांचा काही उपयोग नव्हता. मग दगडीनं आईकडं पाहिलं.

“दोन,” ती म्हणाली.

“जगली?”

“जगली. समदी जगली, आई.”

धोंडुबाईनं मान डोलावली. तिनं हात पुढं केला आणि पोरीच्या पदराला लागलेली राख झटकली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “सांग म्होरं.”